ताह्वो तोसावाइनेन प्रवासाला

आमच्या गावात माणसाने पन्नाशी ओलांडली की त्याचा वाढदिवस त्याचा राहत नाही, गावाचा होतो. बोलावणं लागत नाही. ज्याला वाटेल तो येतो, दारात बुटांवरचं बर्फ झटकतो, कॉफी पितो, तासभर गप्प बसतो आणि "बरं, निघतो" म्हणून निघतो. ज्याला हे नको असेल त्याने स्थानिक पेपरात छोटीशी जाहिरात द्यायची. नाव, वय आणि पुढे एकच शब्द, 'प्रवासाला'. तो माणूस प्रत्यक्षात कुठेही गेलेला नसतो. पडदे ओढून घरातच बसलेला असतो, धुराड्यातून धूर निघत असतो, आणि जाणारेयेणारे तो धूर न दिसल्यासारखं करतात. आमच्याकडची सभ्यता ही अशी आहे.

एकशे सहा वर्षांत मी ही जाहिरात कधीही दिली नव्हती. कारण सरळ आहे, मला केक आवडतो. पन्नाशीपासून दर मार्चमध्ये लोक माझ्या घरी स्वतःच्या हाताने केलेले केक घेऊन येत आले आणि मी दर वर्षी "कशाला हो एवढा त्रास" म्हणत सगळे ठेवून घेत आलो. पुढे शंभरी झाली, आणि माणसांऐवजी शिष्टमंडळं यायला लागली. नगराध्यक्ष, पाद्री, बँडवाले, शाळेतली पोरं, सैन्यातला कोणीतरी सरळ पाठीचा तरुण. तो मला सॅल्यूट ठोकतो, मी त्याला ठोकतो, आणि माझा हात वर अडकला तर सोबत आलेली नर्स तो खाली आणते.

हे सगळं कशासाठी, तर मी युद्धात होतो म्हणून. होतो, हे खरं आहे. शेजारच्या देशाशी झालेल्या दोन्ही युद्धांत होतो. पण काय करत होतो ते कोणी विचारत नाही, आणि मी सांगायला लागलो की त्यांना तो विनय वाटतो. मी घोडा हाकत होतो. घोडा आमच्याच घरचा, नाव विर्क्कू, आणि आम्हा दोघांत अक्कल त्याला जास्त होती. मागे चाकांवर वाटाण्याच्या सूपचं पिंप असायचं. एकदा पिंपाला गोळी लागून भोक पडलं. पुढे आघाडीवर पोरं दोन दिवसांची उपाशी. मी भोकात बोट घातलं आणि तसाच चालत राहिलो. बोट पार उकडून निघालं. युद्धातली माझी जखम ती एवढीच. जे खरे शूर होते, ते चर्चच्या आवारात रांगेने झोपले आहेत, आणि त्यातले बरेचसे मिसरूडही न फुटलेले होते. त्यांच्यासमोर मला वीर म्हणतात तेव्हा मला मनापासून लाज वाटते. माझं कर्तृत्व इतकंच की मी मरायचा राहून गेलो.

पत्रकार दीर्घायुष्याचं रहस्य विचारतात. एका वर्षी मी कच्चा कांदा सांगितला, दुसऱ्या वर्षी राग सांगितला. कांद्याच्या वर्षी आमच्या दुकानातला कांदा संपला होता म्हणतात.

तर या वर्षी मी जाहिरात दिली, ती माझ्या मुलीपायी. सिनिक्का माझी एकुलती एक. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे. लोक म्हणतात, एवढ्या म्हाताऱ्याला घरात एकटं कसं ठेवलं? अहो, मला ठेवणारीच माझ्याआधी वृद्धाश्रमात गेली. तिची आठवण विरत चालली आहे. आधी चहाच्या डब्यात चाव्या सापडायच्या, मग चुलीवर रिकामं भांडं लाल व्हायला लागलं, मग तिने स्वतःच बॅग भरली आणि मला म्हणाली, "बाबा, मला कुठेतरी नेऊन ठेवा, नाहीतर मी तुम्हाला जाळीन." तेव्हा ती मला ओळखत होती.

गेल्या वाढदिवसाला तिला आश्रमातून माझ्याकडे आणलं होतं. बँड वाजायला लागला तशी ती घाबरली, टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसली, आणि तिने चारचौघांत नगराध्यक्षांना विचारलं, "हे म्हातारे कोण?" नगराध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "हे आपले वीर आहेत." पोरांनी गाणं सुरू केलं. माझ्या पुढ्यात तीन थरांचा केक होता, आणि मला एक घास गेला नाही. ज्यांना हे प्रकरण किती गंभीर होतं ते कळलं नसेल, त्यांनी वरचा केकचा मजकूर पुन्हा वाचावा.

त्यानंतर ती कधी ओळखायची, कधी नाही. नाताळनंतर एकदाही तिने मला 'बाबा' म्हटलेलं नाही. आश्रमातली मेर्वी म्हणते, तिच्या सकाळी बऱ्या असतात, माणसं कमी असली की जास्त बऱ्या. म्हणून मी ठरवलं की या वाढदिवसाला बँड नको, सॅल्यूट नको, केकही नको. सकाळी टॅक्सी करायची, तिच्याजवळ जाऊन बसायचं आणि तिच्या तोंडून तो एक शब्द ऐकायचा. एकशे सात वर्षांच्या माणसाने आणखी काय मागायचं? आणि मागायचं तर लवकर मागितलेलं बरं.

पेपरच्या कचेरीत फोन केला. फोन माझा जुना आहे आणि कान त्याहून जुने. पलीकडची पोरगी गोड होती, पण तिचं बोलणं मला विहिरीच्या तळातून यावं तसं येत होतं. मी ओरडून सांगितलं, "ताह्वो तोसावाइनेन, एकशे सात, प्रवासाला!" तिने काहीतरी विचारलं. बहुधा 'वाढदिवशी' हा शब्द घालू का, असं असावं. मला वाटलं, फुलं घालू का म्हणते आहे.

"काही घालू नकोस, पोरी," मी म्हणालो. "साधं ठेव. गेल्यावर कसले सोहळे?"

 मग तिने हळू आवाजात काहीतरी म्हटलं आणि फोन ठेवला. किती अदबशीर मुलगी, असं मला वाटलं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली, दाढी केली, चांगला कोट घातला. पेपर आला होता, पण चष्मा कोटाच्या खिशात आणि कोट अंगात, म्हणजे चष्मा हरवलेलाच, त्यामुळे पेपर तसाच राहिला. टॅक्सी आली. नवीन ड्रायव्हर होता, कुओपिओ शहरातला, तोंडातून ब्र न काढणारा. मला आवडला.

फाटकातून बाहेर पडलो तर शेजारी काउकोच्या अंगणात झेंडा अर्ध्यावर उतरवलेला. काउको शहाऐंशीचा आहे, तसा पोरगाच, पण झेंड्याच्या बाबतीत काटेकोर. आमच्याकडे कोणी गेलं की झेंडा असा अर्ध्यावर येतो. मी फरची टोपी काढली. पुढे दुकानासमोरचा झेंडा अर्ध्यावर. शाळेचा अर्ध्यावर. चर्चच्या सभागृहाचाही. मी टोपी घालतो आहे आणि काढतो आहे.

"कोण गेलं हो?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"माहीत नाही. मी इथला नाही."

"कोणीतरी मोठा असणार."

"असेल."

खरं सांगतो, मला थोडा राग आला. वर्षभर लोक मजेत जगतात आणि नेमके माझ्या वाढदिवसाला मरतात. शिवाय एवढे झेंडे! मी गेलो तर एवढे उतरतील का, अशी शंका मनात आली आणि आश्रम येईपर्यंत गेली नाही.

आश्रमाच्या दारात मेर्वी उभी होती. गेली कित्येक वर्षं सिनिक्काच्या मजल्यावर तीच आहे, धिप्पाड बाई, म्हाताऱ्यांना काखेत उचलणारी. तिने मला टॅक्सीतून उतरताना पाहिलं. दुसऱ्या देशात बाई किंचाळली असती. मेर्वी माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग माझ्या गालाला एक बोट लावून पाहिलं, आणि म्हणाली, "कॉफी घेणार?"

"घेईन. पण तुझा चेहरा असा का?"

"आजोबा, तुम्ही गेलात."

"कुठे?"

तिने आत नेऊन पेपर पुढे धरला आणि चष्मा माझ्याच खिशातून काढून माझ्याच नाकावर ठेवला. वाढदिवसांच्या रकान्यात त्या दिवशी मी एकटाच असणार, म्हणून असेल, मला शेजारच्या रकान्याच्या तळाशी बसवलं होतं. वर तीन नावं, तिघांपुढे क्रूस. खाली मी: ताह्वो तोसावाइनेन, १०७ वर्षे. प्रवासाला. सोहळे नाहीत.

"हे वाढदिवसाचं आहे!" मी ओरडलो. "स्वच्छ लिहिलंय, प्रवासाला!"

"मग? या वयात दुसरीकडे कुठे जाणार तुम्ही? आम्हाला वाटलं, काय सुंदर लिहिलंय. मी रडले हो."

"आणि एकालाही फोन करून विचारावंसं वाटलं नाही?"

"काउकोला मीच सकाळी विचारलं. तो म्हणाला, शोकाच्या घरी फोन करून कशाला त्रास द्यायचा?"

"त्या घरात मी एकटाच राहतो, बाई! फोन उचलायला दुसरं कोण होतं?"

"तेच तर," मेर्वी म्हणाली. "उचलायला कोणी नाही, मग फोन कशाला करायचा?"

"आणि धुराड्यातून धूर येत होता तो?"

"तो म्हणाला, नातेवाईक आले असतील."

"माझे कोण नातेवाईक? सगळे चर्चच्या आवारात आहेत!"

"ते मला काय माहीत? पाद्री मात्र दुपारी जाणार होते तुमच्याकडे. त्यांना थांबवते."

मी डोक्याला हात लावून बसलो. अशा लोकांना सोडून मला एकशे सात वर्षांत कुठे जाता आलं नाही, आणि जावंसंही वाटलं नाही, यातच माझीही किंमत कळते. मग मेर्वीने कॉफीचा कप खाली ठेवला, आणि तिचा आवाज बदलला.

"आजोबा, एक झालंय. तुम्ही रागवाल. आम्ही सिनिक्काला सांगितलं."

माझा राग एकदम गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते मला आवडलं नाही.

"काय म्हणाली?"

"रडली. सकाळपासून रडतेय. पण आज ती अगदी स्वच्छ आहे हो. बाबा, बाबा म्हणतेय. तिला सगळं आठवतंय."

म्हणजे बघा माझं नशीब. तीन महिने मी जिवंतपणी जाऊन तिच्यासमोर बसत होतो, तेव्हा तो शब्द निघाला नाही. मेलो आणि निघाला.

मी धावलो. माझ्या धावण्यात आणि इतरांच्या उभं राहण्यात फारसा फरक नसतो, पण धावलो. ती खिडकीजवळ बसली होती, राखाडी स्वेटर, केस कोणीतरी नीट विंचरलेले. टेबलावर माझा फोटो, गणवेशातला, आणि पुढे मेणबत्ती. मी टोपी काढून दारात उभा राहिलो, आणि तिने वर बघितलं. डोळे सुजलेले होते, पण होते हिल्याचे, माझ्या बायकोचे, सरळ माणसाच्या आत बघणारे.

"सिनिक्का," मी म्हणालो, "मी आहे. चूक झाली पेपरवाल्यांची. मी आलोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने शेजारची खुर्ची ओढली.

"या काका," ती म्हणाली. "बसा. तुम्ही बाबांसाठी आलात ना? बरं झालं आलात. माझे बाबा गेले."

मी बसलो.  दारात मेर्वी तोंड उघडायला लागली होती, तिला मी हातानेच थांबवलं. काय सांगणार होती ती? की हेच तुझे बाबा? तीन महिने आम्ही तेच तर सांगत होतो. दर वेळी ती ओशाळायची, माफी मागायची, आणि तिची ती माफी मला सहन व्हायची नाही. आज ती माफी मागत नव्हती. आज तिला बाबा होते, पक्के, फोटोसकट. फक्त मी त्यात नव्हतो.

"तुम्ही ओळखत होतात त्यांना?" तिने विचारलं.

"थोडाफार."

"युद्धात बरोबर होतात?"

"एकाच घोड्यावर नोकरी होती आमची."

तिने मान हलवली. माझ्या कपात कॉफी ओतली, एक थेंब न सांडता, आणि वेलदोड्याच्या गोड पावाची बशी पुढे सरकवली. मग बोलायला लागली. माझी मुलगी कधी फार बोलणारी नव्हती, ते तिने माझ्याकडूनच उचललं होतं. पण मेलेल्या माणसाबद्दल आमच्याकडे लोक मोकळेपणी बोलतात, जिवंत असताना काही बोललं तर तो फुगेल अशी भीती असते.

"लोक म्हणतात ते वीर होते," ती म्हणाली. "मला ते माहीत नाही, काका. मला आईने सांगितलेलं माहीत आहे. ते युद्धावरून परत आले तेव्हा मी एवढीशी होते. मी त्यांना ओळखलंच नाही. टेबलाखाली जाऊन बसले. त्यांना काका म्हणायचे. रोज रात्री आईला विचारायचे, हे काका कधी जाणार?"

"मग?"

"मग काय. आई मला ओरडायची, की बाबा म्हण. तर ते आईलाच म्हणायचे, राहू दे, घाई नाही. दाराजवळ बाकाच्या टोकाला बसून बटाटे सोलायचे. बाकावर मी बसलेली असले तरी तिकडेच, लांब. जवळ आले नाहीत, उचललं नाही, काही नाही. आख्खा हिवाळा. फक्त बटाटे सोलायचे. आई म्हणायची, त्या वर्षी आपण फार बटाटे खाल्ले."

मला हसू आलं. ते बटाटे मला आठवतात. मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं, हे कोणाला सांगू? लोक त्याला धीर म्हणतात, मी त्याला काही न सुचणं म्हणतो. युद्धात मला कधी भीती वाटली नव्हती तेवढी त्या टेबलाखालच्या पोरीची वाटायची.

"वसंतात मी आडाकडे घसरले," सिनिक्का म्हणाली, "आणि ओरडले, बाबा! ते गोठ्यात होते. धावत आले, म्हणे एकाच पायात बूट घालून."

"दोन्ही पायांत होते," माझ्या तोंडून निघून गेलं. "पण दोन्ही डाव्या पायाचे. एक विर्क्कूच्या गोठ्यातला जुना होता."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"तोच म्हणाला होता."

"मला कधी नाही सांगितलं."

"लाजत असेल."

"हो," ती म्हणाली. "तसेच होते." आणि पुन्हा रडायला लागली, आवाज न करता, हिल्या रडायची तसं. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते मी पुसलं नाही. माझ्याच मेणबत्तीपुढे बसून मी माझ्यासाठी रडणाऱ्या माझ्या मुलीचं सांत्वन करत होतो. सैन्यातल्या त्या सरळ पाठीच्या तरुणाने हे पाहिलं असतं तर त्याला सॅल्यूट कोणाला करायचा तेच कळलं नसतं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, माझा कप पाहिला, पुन्हा भरला.

"काका, अंत्यविधीला याल ना? बाबांच्या ओळखीचं कोणी उरलं नाही. सगळे आधीच गेले. चर्च रिकामं दिसेल."

"येईन."

"नक्की? लांब असेल तुम्हाला. वयही झालंय तुमचं."

"अगं, मी पोचल्याशिवाय ते सुरूच करणार नाहीत," मी म्हणालो.

सिनिक्का हसली. नाताळनंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता थांबली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली, कपाळ, नाक, कान, एकेक करून. मी श्वास रोखला, माझ्या वयाला ते बरं नसतं तरी. दारात मेर्वीनेही रोखला असावा.

"अगदी माझ्या बाबांसारखं बोलता हो तुम्ही," ती म्हणाली.

"असं?"

"हो. हुबेहूब." ती फोटोकडे वळली. "पण ते तुमच्यापेक्षा खूप तरुण होते."

मीही फोटोकडे पाहिलं. टोपी तिरकी, कान बाहेर आलेले, मागे विर्क्कू, फोटोच्या कडेने अर्धा कापलेला.

"हो," मी म्हणालो. "फारच तरुण होता."